हिरव्या जिवाणूंची प्रकाशवसुली

पानांत चालणाऱ्या प्रकाशसंश्लेषणाची कथा शाळेपासून आपल्या परिचयाची आहे. परंतु जो प्रकाश माणसाच्या डोळ्याला अंधारच वाटावा, एवढ्या क्षीण प्रकाशावर ज्यांचा चरितार्थ चालतो, अशा जिवाणूंविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. हरित गंधक-जिवाणू हे त्यांचे नाव. प्राणवायूशी त्यांचे वैर आहे. पाण्याच्या ऐवजी ते हायड्रोजन सल्फाइड वायू वापरतात आणि त्यातून सुटलेले गंधकाचे कण पेशीबाहेर टाकून देतात. अशा जिवाणूंच्या अभ्यासावरूनच सी. बी. व्हान नील यांनी १९३१ च्या सुमारास असे अनुमान बांधले की, हिरवी झाडे जो प्राणवायू सोडतात तो कार्बन डायऑक्साइडातला नसून पाण्यातला असला पाहिजे. आणि ते पुढे खरे ठरले.

प्राणवायू नाही आणि गंधकवायू आहे, अशी जागा सामान्यतः पाण्याच्या खालच्या थरांत सापडते, आणि तेथवर पोहोचेपर्यंत सूर्यप्रकाशातील बहुतेक ऐवज वरच्या शैवालांनी वसूल केलेला असतो. काळ्या समुद्रात सुमारे शंभर मीटर खोलीवर या कुळातील एक जात नांदते. ती हिरव्या कुळातली असूनही तिचा रंग तपकिरी आहे, कारण निळसर-हिरवा जो प्रकाश सर्वांत खोल उतरतो, तो टिपणारी रंगद्रव्ये तिने जमविलेली आहेत.

या जिवाणूंची प्रकाश गोळा करण्याची यंत्रणा १९६४ साली जर्मेन कोहेन-बाझीर, नॉर्बर्ट फेनिग आणि रियो कुनिसावा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पेशीच्या आवरणाला आतून चिकटून असलेल्या, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतक्या किंवा थोड्या अधिक लांबीच्या त्या चपट्या पिशव्यांना पुढे क्लोरोसोम हे नाव रूढ झाले. एवढ्याशा पिशवीत जीवाणुहरितद्रव्याचे दोन लाखांच्या घरात रेणू ठासून भरलेले असतात.

खरे आश्चर्य मात्र या संख्येत नाही. इतर बहुतेक प्रकाशसंश्लेषी जीवांत हरितद्रव्याचा एकेक रेणू प्रथिनाच्या चौकटीत नेमून दिलेल्या जागी बसविलेला असतो. क्लोरोसोमच्या अंतर्भागात अशी चौकटच नाही. एका रेणूतील मॅग्नेशियम शेजारच्या रेणूच्या हायड्रॉक्सिल गटाला धरतो, तोच गट तिसऱ्या रेणूशी हायड्रोजन-बंधाने जोडला जातो, आणि कोणाच्याही देखरेखीवाचून हे रेणू आपणच एकमेकांवर रचत जातात. पेशीतून हे द्रव्य वेगळे काढून हेक्झेनसारख्या द्रावकात सोडले, तरी ते पुन्हा तशीच रचना करते, आणि त्याचे शोषण एकट्या रेणूच्या सुमारे ६७० नॅनोमीटरवरून सरकून जिवंत पेशीप्रमाणे ७४० च्या आसपास येते. प्रथिन घडविणे हा पेशीचा मोठा खर्च; ज्याचे उत्पन्नच तुटपुंजे, त्याने तो वाचवावा, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

गोळा झालेल्या ऊर्जेचा पुढील प्रवास जुन्या महसुली कारभाराची आठवण करून देणारा आहे. गावोगावचा वसूल तालुक्याच्या कचेरीत आणि तेथून जिल्ह्याच्या खजिन्यात जावा, त्याप्रमाणे ही ऊर्जा प्रथम पिशवीच्या तळाशी असलेल्या पट्टिकेत, नंतर एका मध्यस्थ प्रथिनात व अखेरीस अभिक्रिया केंद्रात पोहोचते. पट्टिकेचे शोषण ७९५ नॅनोमीटरच्या, प्रथिनाचे ८०९ च्या व केंद्राचे ८४० च्या सुमारास. म्हणजे प्रत्येक मुक्कामी थोडी ऊर्जा कमी होते आणि त्यामुळेच ती मागे फिरत नाही. हे मध्यस्थ प्रथिन जॉन ओल्सन यांनी शोधले, आणि १९७५ साली रॉजर फेना व ब्रायन मॅथ्यूज यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची अंतर्रचना उलगडली. हरितद्रव्य धारण करणाऱ्या प्रथिनांपैकी अशी रचना ठाऊक झालेले ते पहिलेच.

आसपास प्राणवायू आला की मात्र हा भरणा तात्काळ थांबविला जातो: क्लोरोसोममधील क्विनोन द्रव्ये ऊर्जा वाटेतच उष्णतेत विरघळवून टाकतात आणि अभिक्रिया केंद्राला इजा होण्याचा संभव टळतो.

या पिशव्यांची आतील मांडणी वर्षानुवर्षे वादाची राहिली, कारण कोणत्याही दोन पिशव्या एकसारख्या नसतात, आणि जे एकसारखे नाही त्याचे स्फटिक होत नाहीत. संशोधकांनी मग तीन जनुके काढून टाकलेला जिवाणू तयार केला, ज्याचे रंगद्रव्य अधिक सुव्यवस्थित बसते, आणि त्यात एकात एक बसविलेल्या नळ्यांची रचना २००९ साली स्पष्ट झाली. परंतु मंद प्रकाशात वाढीच्या बाबतीत हा शिस्तीचा जिवाणू मूळच्या बेशिस्त भावंडाच्या मागे पडतो! नियमितपणाला आपण जे मोल देतो, ते या दरबारात फारसे मान्य नसावे.

२००५ साली प्रसिद्ध झालेले एक वृत्त याहूनही विस्मयकारक आहे. मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून दूर, पॅसिफिक महासागराच्या तळाशी २,३९१ मीटर खोलीवरील एका उष्ण जलमुखाजवळून हरित गंधक-जिवाणूची एक जात मिळाली. तेथे सूर्याचा एकही किरण पोहोचत नाही. प्रयोगशाळेत या जिवाणूला प्रकाश दिल्यावाचून त्याची वाढ होत नाही. तेव्हा समुद्रतळी तो कशावर जगतो याचे उत्तर, शेकडो अंश तापलेल्या त्या पाण्यातून निघणाऱ्या अंधूक तेजातच शोधणे भाग पडते.