पुढची ओढतात, मागची सुटतात
(नागापूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्ञानेश्वरी, कांद्याचा भाव आणि मधुमेह हे व्याख्यानमालेचे ठरलेले विषय. यंदा संयोजकांनी पोरांनाच विषय विचारला आणि चिठ्ठी निघाली: ‘फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी ड्रिफ्ट करता येते का?’ अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली, ती मी पाहिली. पण प्रश्न अस्सल आहे. आपल्या उशाला एमआयडीसी, तिकडे वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई, जिथं गाड्या चाचणीच्या ट्रॅकवर पिदाडून बघतात. हा प्रश्न नगरमध्ये नाही विचारायचा, तर कुठं?

उत्तर आधीच देऊन टाकतो. गाडी घसरवता येते, हवी तशी घसरवता येते. पण ज्याला ड्रिफ्ट म्हणतात ते तिच्याकडून होत नाही.

आधी घसरण्याबद्दल. आपलं टँक म्युझियम 1994 पासून आहे. तिथला कुठलाही रणगाडा बघा. त्याला वळणारी चाकं नसतात. एका बाजूचा पट्टा हळू केला की दुसरा पुढं जातो, दोन्ही पट्टे जमिनीवर आडवे खरडतात आणि तेव्हा कुठं ते धूड वळतं. मोटारीचा टायरही बारीक प्रमाणात हेच करतो. वळणावर तो ज्या दिशेला तोंड करून असतो, नेमका त्याच दिशेला जात नाही. थोडा बाहेर सरकतो आणि त्या सरकण्यातूनच वळायचा जोर मिळतो. पुढच्या चाकांपेक्षा मागची जास्त सरकली की गाडीचं शेपूट बाहेर येतं.

ड्रिफ्टमध्ये हे शेपूट बाहेर काढायचं, स्टीअरिंग वळणाच्या उलट धरायचं आणि रेस कमीजास्त करत ते शेपूट तिथंच तोलून ठेवायचं. सगळी मेख या रेसमध्ये आहे.

टायरकडे पकड असते सोळा आणे. त्यातूनच ओढायचं, थांबायचं आणि वळायचं. हिशेब सरळ वजाबाकीचा नाही, पण एका कामाला जास्त खर्च केलं की दुसऱ्याला कमी उरणार, एवढं खरं. ज्या गाडीची मागची चाकं इंजिन फिरवतं, तिला वळणात जोरात रेस दिली की मागच्या टायरची पकड ओढण्यात संपते आणि शेपूट आणखी बाहेर जातं. रेस बेतानं आवरली की पकड परत येते. म्हणजे शेपटाचा लगाम उजव्या पायात. पुढच्या चाकांच्या, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत मागची चाकं नुसती फरपटत येतात, इंजिनाचं त्यांच्याशी देणंघेणं नाही. शेपूट सुटलेलं असताना रेस दिली, तर पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. फारच दिली तर त्यांचीच पकड संपते आणि गाडी स्टीअरिंगला न जुमानता सरळ वळणाबाहेर. घसरणं टिकवायला जो पाय लागतो, तोच पाय इथं घसरणं संपवतो.

मग रीलमध्ये दिसतं ते काय? बहुतेक वेळा हॅन्डब्रेक. तो मागची चाकं जाम करतो, जाम चाक आडवं सरकायला मोकळं होतं, गाडी गर्रकन फिरते आणि वेग संपला की थांबते. काही जण मागच्या चाकांखाली प्लॅस्टिकचे ट्रे ठेवतात. आणखी एक हुशारी म्हणजे रिव्हर्स. मागं जाताना इंजिनाची चाकं मागच्या बाजूला येतात, त्यामुळं तीच गाडी खरोखर ड्रिफ्टसारखी वागू शकते. फक्त तुम्ही मान मोडून काचेतून बघत असता. नव्या गाड्यांत हॅन्डब्रेकच्या जागी बटण आलं, घसरण आवरणारं इलेक्ट्रॉनिक्स आलं, त्यामुळं हा सगळा धंदा तसाही आटत चाललाय.

पण पुढच्या चाकांच्या गाडीला कमी लेखू नका. तिची खरी विद्या रॅलीवाल्यांनी शोधली. स्वीडनचा एरिक कार्लसन साब 96 घेऊन 1962 आणि 1963 ला माँटे कार्लो रॅली जिंकला. साबचं इंजिन तीन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, 841 सीसी. आवाज आपल्या जुन्या राजदूतच्या घराण्यातला. अशा इंजिनाचे आरपीएम पडले की पुन्हा दम धरायला वेळ लागतो. म्हणून त्यानं उजवा पाय रेसवर तसाच ठेवला आणि ब्रेक मारला डाव्या पायानं! आता बघा काय होतं. ब्रेक चारही चाकांना लागतो. पुढच्या चाकांना इंजिन ढकलत असतं, म्हणून ती फिरत राहतात आणि वळायची ताकद राखतात. मागच्यांना कुणाचा आधार नाही. त्यांची पकड ब्रेकच खातो. शिवाय ब्रेकमुळं गाडीचं वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होतात. शेपूट सुटतं, नाक वळणाच्या आत येतं. मग ब्रेक सोडायचा, की पुढची चाकं गाडी ओढून नेतात. घसरणं क्षणभराचं, पण नेमकं हवं तिथं. मिनी कूपरनं पुढं 1964, 1965 आणि 1967 ला तीच रॅली जिंकली; 1967 चा विजेता फिनलंडचा राउनो आल्टोनेन हा याच डाव्या पायाचा उस्ताद. ते सुटलेलं शेपूट धरून ठेवायला कुणी गेलं नाही. वळण कापायला जेवढं लागतं तेवढंच सुटू द्यायचं. मला विचाराल तर धूर काढत गोल फिरण्यापेक्षा हे कसब दहापट अवघड आहे.

आपल्याकडे तेव्हा गाडी म्हणजे अ‍ॅम्बेसेडर नाहीतर पद्मिनी, दोन्ही मागच्या चाकांच्या. तरी त्यांचं ड्रिफ्ट कुणी पाहिलं नाही, कारण कोरड्या डांबरावर मागचे टायर सोडवायला लागते तेवढी ताकदच इंजिनात नव्हती. डिसेंबर 1983 ला मारुती 800 आली, 1998 ला पुण्याची इंडिका, आणि घराघरातली गाडी पुढच्या चाकांची झाली. त्यात फायदा होता. लांब शाफ्ट गेला, आत जागा झाली, वजन घटलं. चाकणला बनलेल्या पोलोनं तर देशातल्या रॅल्यांत मातीवर नाव काढलं. ‘मग बोलेरो घेतो, ती मागच्या चाकांची आहे,’ असं कुणीतरी मागून म्हणालं. घ्या. पण ती उंच आहे. घसरता घसरता एखाद्या खड्ड्यात चाक अडकलं, तर आडवी होईल. आणि सार्वजनिक रस्त्यावर कराल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 184 आहेच.

रस्त्याचं निघालं म्हणून सांगतो. शेपूट सुटायला हॅन्डब्रेकच लागतो असं नाही. नगर-मनमाड रस्त्यावरच्या विळद घाटाचा उतार, पहिला पाऊस, डांबरावर तेल आणि धुळीचा राप. नाहीतर गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरनं सांडलेला चिखल. वळणात वेग जास्त वाटतो, माणूस घाबरून एकदम रेस सोडतो, वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. कार्लसन जे मुद्दाम करायचा, ते इथं नकळत होतं. अशा वेळी ब्रेकवर उभं राहू नका. जिकडं जायचं तिकडं स्टीअरिंग, तिकडंच नजर आणि रेस हलकीशी चालू. पुढची चाकं गाडीला सरळ करतील, त्यांचा तो स्वभावच आहे. मात्र वेग वळणाच्या आधीच उतरवलेला असेल, तर यातलं काहीच लागत नाही.

आणि टायरचं. दोनच नवे घ्यायचे असले की आपल्याकडे ते सर्रास पुढं घालतात, कारण पुढचे लवकर झिजतात. तुम्ही ते मागं घालायला सांगा. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी सुटली तर गाडी स्टीअरिंग ऐकत नाही, हे हाताला लगेच कळतं आणि रेस कमी केली की बहुतेक वेळा ती ऐकू लागते. मागची आधी सुटली तर कळायच्या आत तुम्ही उलट्या तोंडानं मनमाडऐवजी नगरकडं बघत असता. दुकानदार म्हणेल, ‘साहेब, इंजिन पुढं आहे.’ म्हणू दे. पैसे तुमचे आहेत.