स्मरणाचे रसायन
(फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ येथील भाषण)



विषारी आमिष चाखूनही वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावीत नाही, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. म्हणूनच झिंक फॉस्फाइड वापरण्यापूर्वी दोन-तीन दिवस साधे आमिष ठेवण्याची पद्धत आहे. उंदराला मिळालेला हा धडा मेंदूत टिकतो कसा?

प्रयोगशाळेत त्यासाठी उजेडाचा व अंधाराचा असे दोन कप्पे असलेली पेटी वापरतात. उंदराला अंधार प्रिय असतो. तो अंधाऱ्या कप्प्यात शिरताच त्याच्या पायांना विजेचा सौम्य धक्का देतात. दुसऱ्या दिवशी तो उजेडातच घुटमळतो. धक्क्यानंतर लगेच ॲड्रिनॅलीन योग्य मात्रेत टोचले, तर ही आठवण अधिक पक्की होते. मात्रा फार वाढली, तर उलट दुबळी होते. अमेरिकेतील जेम्स मॅगॉ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने ही गोष्ट स्पष्ट केली.

ॲसिटिलकोलीन हे असेच दुसरे रसायन. धोतऱ्यात आढळणारे स्कोपोलामीन त्याच्या कार्यात अडथळा आणते. ते दिलेल्या उंदराला धक्क्याचा धडा नीट लक्षात राहत नाही.

या रसायनाशी कपाशीच्या शेताचाही संबंध आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर निकामी करतात. परिणामी ते रसायन शरीरात साचत जाते. लाळ गळते, घाम फुटतो, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हा वापरात असलेल्या औषधांत या वर्गातील औषधेही होती. अशा औषधांशी दीर्घकाळ संपर्क आल्यास स्मरणशक्तीवरही परिणाम होऊ शकतो, असे अभ्यासांत आढळले आहे.

यावर रुग्णालयात ॲट्रोपीन देतात. तेही धोतऱ्यात असते. तथापि घरी धोतरा देणे प्राणघातक ठरेल. रुग्णाचे विषाने भिजलेले कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यासह त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. फवारणी करताना तोंडावर मास्क व हातांत हातमोजे असावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

पेटीतील उंदराला धडा मिळतो तो स्वतःला धक्का बसल्यानंतर. माणसाला मात्र शेजाऱ्याच्या अनुभवावरूनही शहाणे होता येते. २०१७ चा तो धडा प्रत्येक फवारणीपूर्वी घरोघरी आठवला जावा.