खात नाही आणि वाळते

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तेव्हापासून गावोगावच्या मंचांवर राजकारण झालं, समाजसुधारणा झाली, शेतीचं अर्थकारण झालं. आज शिरूरच्या मंचावर मी पालीच्या भुकेवर बोलणार आहे. विषय जाहीर झाल्यावर एका ज्येष्ठ श्रोत्यांनी मला गाठून विचारलं, ‘डॉक्टर, पाल खात नसेल तर बरंच आहे की! औषध कशाला?’ त्यांचा प्रश्न रास्त आहे. ज्या समाजाच्या पंचांगात पाल अंगावर कुठे पडली म्हणजे काय फळ मिळतं याचं कोष्टक छापलेलं असतं, तिथे पाल पाळायची आणि ती जेवत नाही म्हणून रात्र जागवायची हे चमत्कारिक वाटणारच.

पण रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीमुळे शिरूर आणि दौंड या आपल्या दोन्ही तालुक्यांत बाहेरगावची कुटुंबं आली. त्यांच्या मुलांबरोबर मासे आले, लव्हबर्ड आले आणि आता लेपर्ड गेको आला. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाड शेपूट, आणि चेहऱ्यावर कायम हसू असल्यासारखी जिवणी. बिबट्या म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, उसाच्या फडात जाणाऱ्याला त्याचं कारण सांगायला नको. ही मात्र वीतभर लांबीची पाल. घरातल्या पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना चिकटायच्या गाद्या नाहीत. तिला पापण्या असतात, ती डोळे मिटून झोपते. नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते, म्हणजे मुलगा इंजिनिअर होऊन परगावी गेला तरी पाल आईच्या गळ्यात राहते.

एडवर्ड ब्लाइथने १८५४ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या प्राण्यावरून. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत हा तिचा मुलूख. बाजारात येते ती पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली. तिची सख्खी चुलत बहीण, युब्लेफॅरिस फस्कस, आपल्या पश्चिम भारतातच राहते. कोरडा माळ, दगडांच्या कपारी, रात्रीचा वावर. सातपुड्यातली आणखी एक जात तर झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली जगापुढे आणली. माळावर अशी पाल दिसली की लोक विषारी समजून दगड घालतात. तिला विष नाही. आणि तिला डब्यात घालून घरीही आणू नका. रानातून धरलेला जीव बंदिवासात बहुतेकदा अन्नाकडे बघतसुद्धा नाही, आणि पोटातले जंत ताण पडल्यावर उचल खातात.

आता दुखण्याकडे येऊ. लोक माझ्याकडे येतात तेव्हा एका दमात सांगतात, ‘खात नाही आणि वाळते.’ मी त्यांना या वाक्याचे दोन तुकडे करायला सांगतो. खात नाही ही एक गोष्ट, वाळते ही दुसरी. खात नाही पण वजन टिकून आहे, अशी पाल महिनाभर उपाशी असली तरी मी घाबरत नाही. खाते आहे आणि तरी वाळते आहे, तिची मला जास्त काळजी वाटते.

हा फरक डोळ्यांनी कळत नाही. तो वजनकाट्यावर कळतो. सोनार वापरतात तसा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणा, स्वयंपाकघरातला वापरू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, संध्याकाळी खायला घालण्याआधी पाल डब्यात ठेवून तोला आणि वहीत मांडा. मोठी पाल साधारण ४५ ते ८० ग्रॅम भरते, पण शेजाऱ्याच्या पालीशी तुलना करू नका, तिच्याच मागच्या आकड्याशी करा. ६० ग्रॅमची पाल ५४ वर आली, म्हणजे दहावा हिस्सा गेला, की वाट बघणं संपलं. काट्याच्या जोडीला हात हवा. धनगर मेंढीच्या पाठीवर नुसता पंजा फिरवून तिच्या अंगावर किती मांस आहे ते सांगतो, तसं इथे शेपटीवर बोट फिरवायचं. या प्राण्याची चरबी शेपटीत साठते. शेपूट मानेइतकी जाड असेल तर घरात धान्य आहे. ती पेन्सिलीसारखी झाली, कंबरेची हाडं वर आली, तर कणगी रिकामी झाली आहे.

भूक मंदावण्याचं सगळ्यात मोठं कारण कोणतं? थंडी. या प्राण्याच्या अंगात स्वतःची चूल नाही. किडा पोटात जाऊन पचायचा तर पोटाला बाहेरून ऊब लागते. पाल राहते त्या काचेच्या पेटीच्या उबदार बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजू २४ ते २६ अंश असावी, म्हणजे पाल आपल्या गरजेप्रमाणे सरकते. डिसेंबर-जानेवारीत घोड आणि भीमेकाठची रात्र कशी असते हे तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर पारा दहाच्या आसपास, खोलीत सतरा-अठरा. अशा वेळी पाल अन्न नाकारते हा तिचा शहाणपणा आहे. थंड पोटात किडा पचत नाही, तो कुजतो, आणि पाल तो ओकते. तरी मालक म्हणतो, ‘हीट मॅट आहे ना!’ पेटी तापवणारी ही मॅट असते, पण तिच्यावर चार इंच माती असते, किंवा काचेला चिकटवलेला गोल तापमापक हवेचं तापमान सांगत असतो. पोट जमिनीला टेकतं, तेव्हा मोजायची जमीन. वायरीच्या टोकाला प्रोब असलेला तापमापक घ्या आणि मॅटला थर्मोस्टॅट जोडा, नाहीतर पोटाखाली भाजल्याच्या जखमा होतात. वीज जाते तेव्हा काय? पेटीत तळाला शहाबादी फरशीचा तुकडा असेल तर तो काही वेळ ऊब धरतो. जास्त वेळ लागणार असेल तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून काचेला बाहेरून लावा.

उन्हाळ्यात उलटं होतं. दौंडला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात किंवा स्लॅबखालच्या खोलीत पेटी भट्टी होते. तिथेही पाल खाणं सोडते, आणि थंडीपेक्षा उष्मा लवकर मारतो. पेटी खालच्या मजल्यावर, फरशीवर आणा, दुपारी मॅट बंद ठेवा.

वाळूबद्दल बोलायलाच हवं, कारण आपण वाळूच्या तालुक्यांतली माणसं आहोत. वाळवंटी प्राणी म्हणून पेटीत घोड नदीची चाळलेली वाळू पसरतात. दिसते छान. पाल किड्यावर झडप घालते तेव्हा तोंडात वाळूही जाते. अंगात कॅल्शियम कमी असेल तर ती मुद्दाम चाटते. पोट थंड असेल तर ती पुढे सरकत नाही आणि आतड्यात तिचा बांध पडतो. विष्ठा बंद, पोट टणक, भूक गायब. या वाळूने नदीपात्रात काय काय बंद पाडलं तो आजचा विषय नाही, निदान पालीच्या आतड्यात तरी तिचा उपसा करायची वेळ आणू नका. मूळचा तिचा प्रदेशही मऊ वाळूच्या टेकड्यांचा नव्हे, खडकाळ, घट्ट जमिनीचा आहे. फरशी चालते, जुना पेपर चालतो. लपायला फुटक्या माठाचं खापर उत्तम. एका डब्यात ओलसर काथ्या घालून दमट कोपरा करा, म्हणजे कात नीट निघते. कात टाकण्याआधी अंग पांढुरकं पडतं आणि पाल एक-दोन दिवस जेवत नाही. मग आपलीच कात खाऊन टाकते. त्यात काळजीचं काही नाही. कात डोळ्यावर किंवा बोटांना अडकून राहिली तर मात्र आहे. आंधळ्या पालीला किडा दिसत नाही आणि मालक म्हणतो भूक नाही.

खायची इच्छा नसणं आणि खाता न येणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पाल किड्याकडे वळते, शेपटीचं टोक हलवते, झडप घालते आणि नेम चुकतो किंवा किडा तोंडातून सुटतो. अशी पाल भुकेली आहे. तिचा जबडा बघायला हवा. किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम थोडं असतं. नुसत्या मीलवर्म अळ्या घातल्या, वर कॅल्शियमची भुकटी लावली नाही आणि डी३ जीवनसत्त्व मिळालं नाही, की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. तोंडात पू झाला असेल तरी हेच चित्र दिसतं.

किडे द्यायचे ते संध्याकाळी. भर दुपारी बारा वाजता, पाल झोपेत असताना समोर किडा सोडायचा आणि ‘खात नाही’ म्हणायचं, हा तिच्यावर अन्याय आहे. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. देण्याआधी एक दिवस त्याला गाजर, पालेभाजी, कोंडा खाऊ घाला, म्हणजे तेच पालीच्या पोटात जाईल. उरलेले रातकिडे रात्रभर पेटीत ठेवू नका, ते पालीला कुरतडतात. आणि उसातले, कांद्याच्या वाफ्यातले नाकतोडे फुकट मिळतात म्हणून घालू नका. आपल्या शेतात काय आणि किती फवारलं जातं हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.

आपल्या घरांत प्रेम ताटातून व्यक्त होतं. पाहुण्याने नको म्हटलं तरी आणखी एक पोळी पडते. तोच आग्रह पालीपर्यंत पोचतो. दूधभात, उकडलेलं अंडं, केळं, ग्लुकोजचं पाणी, काय काय तिच्या तोंडात घालून आणतात! नागपंचमीला वर्षानुवर्षं आपण हेच केलं. गारुडी नागाला तहानलेला ठेवायचे, तहानेने तो दूध प्यायचा, आपण हात जोडायचे. त्याला ते पचत नसे, फुप्फुसात गेलं तर तो मरे. ही पाल फक्त किडे खाते, वनस्पती तिला पचत नाही. उपाशी, थंड पालीच्या तोंडात काहीही कोंबू नका. आधी ऊब, मग पाणी. नाकाच्या टोकाला थेंब लावला की ती चाटते. बोटभरही खोल नसलेल्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवता येतं. भरवायचं का, काय आणि किती, हे त्यानंतर, आणि डॉक्टरांच्या हाताखाली, कारण खूप दिवसांच्या उपाशी शरीराला एकदम भरपेट अन्न बाधतं.

दुसरा आग्रह औषधाचा. गोठ्यात मेंढ्यांच्या जंताची बाटली असतेच, ‘एक थेंब दिला तर काय होतंय?’ तीस किलोची मेंढी साठ ग्रॅमच्या पालीच्या पाचशे पट असते. थेंब हा तिच्या हिशेबात थेंब राहत नाही.

काही उपास नैसर्गिक असतात. वसंतात नराला जोडीदाराचा वास लागला की तो आठवडेच्या आठवडे अन्न विसरतो. मादी अंडी धरताना कमी खाते, पण पोटात अंडी दिसत असून दिवस उलटले, ती खणते आहे आणि मलूल होते आहे, तर अंडी अडकल्याचा संशय धरा. नवी आणलेली पाल आठवडा-दोन आठवडे बुजलेली असते, तिला हाताळू नका. या नैसर्गिक उपासांत वजन फारसं हलत नाही. म्हणून तर वहीचा हट्ट.

उरली ती खाऊनही वाळणारी. साधे जंत असतील तर विष्ठा तपासून औषध मिळतं आणि पाल सुधारते. भीती आहे ती क्रिप्टोस्पोरिडियमची. हा आतड्याच्या अस्तराला चिकटणारा एकपेशीय परजीवी. सुरुवातीला पाल जेवते, विष्ठा पातळ आणि घाण वासाची होते, शेपूट आटत जाते, मग खाणंही सुटतं. विष्ठेत तो दर वेळी दिसतोच असं नाही, म्हणून एक तपासणी स्वच्छ आली म्हणून निश्चिंत होऊ नये, पुन्हा करावी, शक्य असेल तर पीसीआर करावी. औषधाने त्याचा जोर कमी करता येतो, मुळापासून घालवायची खात्री देणारं औषध नाही. नेहमीच्या ब्लीचला तो दाद देत नाही, भांडी वाफेने किंवा उकळत्या पाण्याने धुवावी लागतात. पाल खंगून खंगून शेवटाला आली असेल तर तिला शांतपणे मरण देण्याबद्दल मी मालकाशी स्पष्ट बोलतो. मुलाला बाहेर बसवून बोलू नका, असंही सांगतो. पाल त्याची असते. पालीचा हा परजीवी माणसाला धरत नाही, पण तिच्या विष्ठेतला साल्मोनेला धरतो. हात साबणाने धुवा, पेटी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुऊ नका.

आपले तालुक्याचे दवाखाने गायी-म्हशींसाठी आहेत. तिथले डॉक्टर ‘हे आमचं काम नाही’ म्हणाले तर तो प्रामाणिकपणा समजा आणि सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर पुण्यात गाठा. जाताना भोकं पाडलेल्या डब्यात मऊ कापड घाला. हिवाळा असेल तर डबा उबदार ठेवा. ताजी विष्ठा वेगळ्या झाकणाच्या डबीत न्या. पेटीचे फोटो, दोन्ही बाजूंचं तापमान, वजनाची वही आणि किडे कोणते, भुकटी कोणती हे लिहून न्या. डॉक्टरांचे निम्मे प्रश्न त्यातच संपतात.

आणि एक पाल असताना दुसरी आणायचा मोह झाला, तर तिला दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, वेगळ्या पाण्याच्या वाटीत ठेवा. रोज आधी जुनीचं करा, मग नवीचं. त्या काळात नवीची विष्ठा निदान दोनदा तपासून घ्या. त्यानंतरही दोघींना एका पेटीत घालू नका. एक दुसरीला उबेच्या जागेवरून हटवते, आणि हटलेली तुमच्याकडे बघत उपाशी बसते.