भाच्याचे सिलिंडर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीला रेडिओवर बोलावतात ते बहुधा पावसावर, आईवर, नाहीतर ईदच्या चंद्रावर बोलायला. आज मी पोलादी सिलिंडरवर बोलणार आहे. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. विज्ञानाची आणि माझी वाट दहावीनंतर वेगळी झाली. पण माझ्या थोरल्या बहिणीनं, आपानं, एका संध्याकाळी फोन करून सांगितलं, ‘‘तुझ्या भाच्याला समजाव. तो पाण्याखालच्या गुहेत जातो. आता आणखी खोल जायचं म्हणतोय.’’ तेव्हापासून हा अभ्यास माझ्या गळ्यात पडला.

भाचा नोकरीसाठी अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यात आहे. त्या राज्याच्या उत्तर भागाखाली चुनखडीचा खडक आहे. झिरपणाऱ्या पाण्यानं तो हजारो वर्षं आतून पोखरलेला. ठिकठिकाणी मोठमोठे झरे वर येतात, आणि झऱ्याच्या तोंडातून आत शिरलं की मैलोन् मैल भुयारं. पाणी काचेसारखं स्वच्छ, पण तळाला बारीक गाळ. पाय चुकून खाली लागला की सगळा अंधार. वर छप्पर असल्यामुळे घाबरून वर येण्याची सोय नाही. आलेल्या वाटेनं, दोरीला धरूनच परत फिरायचं.

आपाला ही भीती वाटण्याचं कारण आहे. 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा ती दिवसरात्र टीव्हीसमोर बसली होती. पाणी उपसण्याच्या कामी सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्करांची माणसंही तिथं गेली होती, हे ती अभिमानानं सांगे. मुलं सगळी सुखरूप निघाली. पण आत हवेचे सिलिंडर पोहोचवून परत येताना समान कुनान हा थाई नौदलाचा माजी पाणबुड्या गेला, हे ती विसरली नव्हती. ‘‘दुसऱ्याला श्वास नेऊन देणारा श्वासाविना गेला,’’ एवढंच ती म्हणाली होती.

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही मला थांबवायला फोन केलाय हे मला कळतंय. पण आधी माझा हिशेब ऐका. चूक सापडली तर मी जाणार नाही.’’ अशी पैज कोण सोडील? पुढं दोन महिने दर रविवारी आमचा हिशेब चालला.

पहिला हिशेब श्वासाचा. माणसाला वरती मिनिटाला साधारण 20 लिटर हवा लागते असं धरू. दर 10 मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो. 60 मीटरवर दाब सातपट, म्हणून त्याच श्वासाला सातपट हवा, मिनिटाला 140 लिटर. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबानं हवा भरली तर ती 2400 लिटर. म्हणजे तेवढ्या खोलीवर एक सिलिंडर सतरा मिनिटांत संपतं. त्यातही गुहेत शिरणाऱ्यांचा नियम तिसऱ्या हिश्श्याचा: एक हिस्सा आत जायला, एक परत यायला, आणि एक हिस्सा, देव न करो, सोबत्यासाठी. हा नियम घालून देणाऱ्यांत शेक एक्स्ली यांचं नाव मोठं. फ्लोरिडातले शाळामास्तर, त्यांनी 1979 मध्ये अपघातांचा अभ्यास करून एक छोटं पुस्तक लिहिलं. स्वतः 1994 साली मेक्सिकोतल्या साकातोन नावाच्या प्रचंड खोल जलकुंडात गेले. हे मी आपाला सांगितलं नाही.

दुसरा हिशेब हवेचा. खोलवर साधी हवा माणसाला चढते. तिच्यातला नायट्रोजन दाबाखाली नशा आणतो. तिशीच्या पुढं ती जाणवू लागते, साठाला माणूस हिशेब विसरतो. शिवाय हवा इतकी दाट होते की छातीला ती ओढणं जड जातं. म्हणून नायट्रोजनचा मोठा हिस्सा काढून त्या जागी हेलिअम घालायचा. भाच्याचं मिश्रण होतं 18 टक्के ऑक्सिजन, 45 टक्के हेलिअम, उरलेला नायट्रोजन. साठ मीटरवर त्याची नशा साध्या हवेच्या तिसाच्या आतबाहेर राहते.

हेलिअमचं नाव निघालं आणि मी सरसावून बसलो, कारण हा विषय आमच्या कोकणचा. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली. आमच्या विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ आहेत. हेलिअमचा शोध तिथूनच लागला असं आम्ही लहानपणापासून ऐकलं, आणि आता दर 18 ऑगस्टला तिथं समारंभही होतो. भाच्यानं कागदपत्रं पाहून माझा भ्रम काढला. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन होते गुंटूरला, आणि लॉकयर साहेब होते इंग्लंडात. त्यांनी ती रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरात घरूनच पाहिली. लॉकयर विजयदुर्गाला आले ते 1898 च्या जानेवारीतल्या ग्रहणाला, आणि तोवर रॅम्से यांनी 1895 मध्ये हेलिअम पृथ्वीवरच्या खनिजातून काढूनही दाखवला होता. मला वाईट वाटलं. पण कट्टे खरे आहेत आणि साहेबही खरा आहे, तारीख तेवढी तीस वर्षं सरकवायची.

आता सिलिंडरकडे येतो. खरी चूक तिथंच सापडायची होती.

अरुंद भुयारात पाठीवर सिलिंडर बांधून जाता येत नाही. ते छताला घासतं. म्हणून दोन सिलिंडर बगलेखाली, अंगाच्या दोन्ही बाजूंना लटकवतात. ही रीत इंग्लंडच्या गुहांतून आली. तिथं वूकी होल नावाच्या गुहेत 1935 साली पहिल्यांदा लोक पाण्याखालून आत शिरले. पुढं तिथल्या चिंचोळ्या, पाण्यानं भरलेल्या वाटांतून जाणाऱ्यांनी सिलिंडर कमरेशी बांधायला सुरुवात केली. दोन्ही सिलिंडर एकमेकांपासून स्वतंत्र. थोडा वेळ उजव्यातून श्वास, थोडा वेळ डाव्यातून, म्हणजे दोन्ही सारखी उतरत जातात आणि माणूस एका अंगाला कलंडत नाही. आमच्याकडे कावड घेऊन जाणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती.

प्रश्न असा, की सिलिंडर ॲल्युमिनिअमचं घ्यावं की पोलादाचं? माझं उत्तर तयार होतं: ॲल्युमिनिअम हलकं, तेच घे. भाचा हसला. जमिनीवर दोन्ही सारखीच, सुमारे 14 किलोची. ॲल्युमिनिअम नरम म्हणून त्याची भिंत जाड करावी लागते, आणि जाड भिंत जास्त पाणी बाजूला सारते. परिणाम असा की 11 लिटरचं ॲल्युमिनिअमचं सिलिंडर हवा संपत आली की दीडेक किलोच्या जोरानं वर उठू पाहतं. बगलेतलं सिलिंडर असं शेपूट वर करून उभं राहिलं की अरुंद जागेत पंचाईत. पोलादी सिलिंडर रिकामं झालं तरी पाण्याशी साधारण बरोबरी करून शहाण्यासारखं पडून राहतं.

आणि हेलिअम? तो हलका. 13 लिटरच्या पोलादी सिलिंडरात 180 बारला भरलेल्या साध्या हवेचं वजन पावणेतीन किलोच्या पुढं, आणि याच्या मिश्रणाचं पावणेदोन. म्हणजे हेलिअम भरलेलं ॲल्युमिनिअमचं सिलिंडर पूर्ण भरलेलं असतानाच जेमतेम बुडतं. मग कमरेला शिसं बांधा. शिसं बांधण्यापेक्षा पोलाद बरं, निदान ते श्वास तरी साठवतं. मेक्सिकोच्या उबदार पाण्यात, पातळ सूट घालणारे ॲल्युमिनिअमच वापरतात आणि तिथं ते योग्यच आहे. पातळ सुटात दोन पोलादी सिलिंडर घेऊन गेलात आणि तरंगवणारी पिशवी फाटली, तर पोहत वर येणं कठीण. फ्लोरिडात पाणी विशीतलं, आणि खोलवरून परतताना थांबत थांबत यायचं म्हणजे तास जातात. म्हणून तिथं अंग कोरडं ठेवणारा जाड सूट, आणि त्या सुटाला दाबून धरायला पोलाद.

इथवर माझ्या हाती काही लागलं नव्हतं. मग तो म्हणाला, कमी दाबाची सिलिंडरं घेतोय. हेलिअम महाग, मोठ्या बाटल्यातून तो आपल्या दाबानंच ओतून घ्यायचा. 180 बारच्या सिलिंडरात 81 बारइतकाच हेलिअम लागतो, 237 बारच्यात 107. कमी दाब असला की मोठ्या बाटलीतला शेवटचा हेलिअमही वापरता येतो. हेही पटलं. ‘‘आणि मामू, तिकडचे जुने लोक ही सिलिंडरं 240 बारपर्यंत भरतात. तेवढ्यात जास्त गॅस मिळतो.’’

मी विचारलं, ‘‘सिलिंडरवर ठोकलेला आकडा किती?’’

‘‘182.’’

‘‘आणि ही नवी आहेत?’’

नव्हती. एका ओळखीच्याकडून निम्म्या किमतीत मिळत होती. मी कोकणातला माणूस. लोखंडाचं आणि ओलाव्याचं नातं मला कोणी शिकवायला नको. आतून पाहिलीस का, एवढंच विचारलं. तो गप्प झाला. पुढच्या रविवारी त्यानं सांगितलं, नळ काढून आत दिवा सोडला, तर एकाच्या तळाला गंजाचा थर. गंज नुसता भिंत खात नाही, तो बंद सिलिंडरमधला ऑक्सिजनही हळूहळू खातो. 18 टक्क्यांतून आणखी काही गेला तर काय उरेल, ते त्याचं त्यालाच समजलं.

त्यानं जोडी परत केली. तीन महिने थांबून नवी घेतली, डाव्या-उजव्या हाताच्या नळांची, आणि ठोकलेल्या आकड्याच्या वर भरायची नाहीत हे आपाला फोनवर कबूल केलं. जास्त गॅस लागलाच तर तिसरं सिलिंडर न्यायचं. तो गुहेत जातो ते काही थांबलं नाही. पैज मी अर्धीच जिंकलो.

मध्यंतरी त्यानं फोटो पाठवला. दोन्ही सिलिंडरांवर पट्टी चिकटवलेली, तिच्यावर जाड अक्षरांत 18/45, मोजल्याची तारीख, 60 मीटर आणि त्याची सही. चुकीचा गॅस तोंडात घेऊन माणसं गेली आहेत, म्हणून मोजल्याशिवाय आणि लिहिल्याशिवाय कोणी सिलिंडर उचलत नाही. आपानं चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला. तिच्या लोणच्याच्या प्रत्येक बरणीवर अशीच पट्टी असते, तारीख घातलेली.

‘‘अक्षर माझ्यासारखं आहे,’’ ती म्हणाली आणि फोन मला परत दिला.