चारुदत्ताचा शेला



गोष्टीत कपड्यांचं वर्णन आलं की आपण ते भरभर वाचून पुढे सरकतो. आज जरा थांबू या. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ घ्या. गोविंद बल्लाळ देवलांनी ते संगीत रंगभूमीवर आणलं, त्यामुळे दरिद्री झालेला चारुदत्त आणि गणिका वसंतसेना आपल्याला घरचेच वाटतात. या नाटकात एक शेला आहे. मूळ संस्कृत शब्द ‘प्रावारक’. त्याच्या मागे मागे जाऊ या.

पहिल्या अंकात एका मित्राकडून तो चारुदत्ताकडे येतो. जाईच्या फुलांचा वास दिलेला. अंधारात वसंतसेनेला दासी समजून चारुदत्त तो तिच्या हाती देतो: पोराला गार वारा लागतोय, हा पांघरून आत ने. वसंतसेना शेल्याचा वास घेते आणि मनाशी ओळखते, घरात दारिद्र्य आलंय, पण या माणसाचं तारुण्य अजून विझलेलं नाही.

दुसऱ्या अंकात वसंतसेनेचा सेवक कर्णपूरक मस्तवाल हत्तीच्या तावडीतून एका संन्याशाला वाचवतो. गर्दीतल्या कुणाला तरी त्याला बक्षीस द्यावंसं वाटतं. देणाऱ्याचा हात स्वतःच्या दागिन्यांच्या जागांवरून फिरतो. तिथे काहीच नाही! तो उसासा सोडतो आणि अंगावरचा शेलाच फेकून देतो. शेल्यावर नाव असतं चारुदत्ताचं. वसंतसेना ते वाचते आणि शेला स्वतः पांघरते. ‘उदार’ हे विशेषण आपण विसरून जाऊ, दागिने चाचपणारा तो हात मात्र विसरत नाही.

आता आठवा अंक. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेचा खून करवू पाहतो. त्यासाठी आपल्या सोबत्याला, विटाला, तो लाच देऊ करतो, तीही प्रावारकाचीच! लांब दशांचा, भला रुंद, शंभर सुतांचा. चारुदत्ताच्या शेल्याचा वास कळतो, शकाराच्या शेल्याचं माप कळतं. विट ऐकत नाही, तेव्हा शकार स्वतःच तिचा गळा दाबतो आणि मेली समजून तिला पाचोळ्याखाली झाकतो. त्याच पाचोळ्यावर एक भिक्षू धुतलेलं चीवर वाळत घालायला येतो. ते पिळून निघालेल्या पाण्यानं वसंतसेना शुद्धीवर येते.

तेव्हा श्रोतेहो, पुढची कादंबरी हाती घ्याल तेव्हा पात्राच्या अंगावर काय आहे एवढंच पाहू नका. ते अंगावरून कधी उतरतं आणि कुणाच्या हाती जातं, तेही पाहा.