तवंगाखालचं पाणी



हातापायांना लावायच्या क्रीमच्या डबीवर घटकांची यादी छापलेली असते. तिच्यात ‘आयसोप्रोपिल मिरिस्टेट’ हे नाव बऱ्याचदा सापडतं. बायोडिझेल म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचे मिथिल एस्टर. तणनाशक पानावर नीट पसरावं म्हणून फवाऱ्याच्या टाकीत जे तेल घालतात, तेही पुष्कळदा याच कुळातलं. मेदाम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून हे एस्टर तयार होतात. मूळ खाद्यतेलाचं आणि जिवाणू ते सहज पचवतात, म्हणून त्यांची कुणाला फारशी धास्ती वाटत नाही. ती वाटावी असा माझाही आग्रह नाही. पण ‘हे पाण्यातल्या जीवांना अपायकारक नाही’ असं कागदावर लिहिलं जातं, तेव्हा ते कशाच्या आधारावर लिहिलं, हे आपल्याला कळायलाच हवं.

रसायनाची पाण्यातली परीक्षा सहसा तिघांवर होते: मासे, डॅफ्निया नावाचे बारीक जलचर आणि शैवाल. लोकांचं लक्ष माशांकडे जातं. मेलेले मासे काठाला लागले की बातमी होते, शैवाल मेलं तर होत नाही. पण त्या माशांचं अन्न ज्या साखळीतून येतं, तिची पहिली कडी हे शैवाल आहे, आणि पाण्यात प्राणवायू सोडण्याचं कामही तेच करतं. युरोपीय संघात २००७ पासून लागू असलेल्या ‘रीच’ कायद्याने वर्षाला एक टन किंवा त्याहून अधिक बनणाऱ्या वा आयात होणाऱ्या रसायनांसाठी शैवालाची चाचणी मागितली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भारतातही मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत या चाचण्या होतात. २०११ पासून आपण माहितीच्या परस्पर स्वीकृतीच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत असल्यामुळे इथले अहवाल परदेशातही ग्राह्य धरले जातात.

चाचणीसाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं शैवाल मूळचं नॉर्वेचं. तिथल्या नितेल्वा नदीतून १९५९ साली ओलाव स्कुल्बेर्ग यांनी ते वेगळं काढलं. राफिडोसेलिस सबकॅपिटाटा हे त्याचं आजचं नाव, जुन्या अहवालांत ते सेलेनास्ट्रम म्हणून भेटतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची एकेक पेशी चंद्रकोरीसारखी दिसते. जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच नदीतल्या पेशींची वंशावळ अजून वाढते आहे.

चाचणीची पद्धत ओईसीडी या संघटनेच्या २०१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत दिली आहे. क्षारांचं मोजून केलेलं द्रावण काचेच्या चंबूंत घ्यायचं आणि दर मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार पेशी सोडायच्या. काही चंबू निव्वळ द्रावणाचे, बाकीच्यांत रसायन चढत्या प्रमाणात. तापमान २१ ते २४ अंश सेल्सिअस, वरून सतत उजेड, आणि चंबू हलते ठेवायचे. रोज पेशी मोजायच्या. ७२ तासांत निव्वळ द्रावणातल्या पेशी किमान १६ पट वाढल्या नाहीत, तर चाचणीच रद्द.

ज्या प्रमाणाला वाढीचा वेग निम्मा होतो, तो आकडा अहवालात ठळक छापतात. समजा, स्वच्छ चंबूत पेशी ६४ पट झाल्या, म्हणजे सहा वेळा दुप्पट झाल्या. वेग निम्मा म्हणजे तीनच वेळा दुप्पट, म्हणजे ८ पट. ‘निम्मा’ या शब्दाच्या आड शैवालाचं पीक एक अष्टमांशावर आलेलं असतं. अहवाल वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवलं नाही, तर नुकसान आहे त्यापेक्षा बरंच कमी वाटतं.

मिठासारखा विरघळणारा पदार्थ असेल तर काम इथे संपतं. एस्टरच्या बाबतीत खरी अडचण इथूनच सुरू होते. मेदाम्लाची साखळी आखूड असेल तर एस्टर थोडाफार विरघळतो. सोळा-अठरा कार्बनची साखळी, म्हणजे आपल्या नेहमीच्या तेलांतली, असेल तर तो लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमसुद्धा विरघळत नाही. बाकीचा वर तवंग धरतो, काचेला चिकटतो, नाहीतर बारीक थेंब होऊन तरंगतो. साखळी जसजशी लांबते तसतसा असा पदार्थ पेशीच्या पटलात शिरायला अधिक उत्सुक होतो, म्हणून विषारीपणा आधी चढत जातो. पण विरघळणं त्याहून वेगाने घटतं, आणि एका टप्प्यानंतर पेशीपर्यंत पुरेसा पदार्थ पोचतच नाही.

यावरचा उपाय चिकाटीचा आहे. लिटरभर पाण्यात, समजा, १०० मिलिग्रॅम बायोडिझेल घालून बाटली घट्ट बंद करायची आणि दिवसभर अगदी मंद घुसळायची. घुसळताना मधे पडणारा भोवरा उथळच राहिला पाहिजे. जोरात ढवळलं की थेंब फुटतात आणि पाणी दुधाळ होतं. मग बाटली निवांत ठेवायची, तवंग वर येऊ द्यायचा आणि खालच्या तोटीतून फक्त नितळ पाणी काढायचं. शैवाल त्या पाण्यात वाढवायचं. बायोडिझेल हे अनेक एस्टरांचं मिश्रण आणि त्यातला प्रत्येक वेगळ्या प्रमाणात उतरतो, म्हणून १०, ३२, १०० अशा प्रत्येक मात्रेसाठी वेगळी बाटली लावावी लागते. एकच पाणी पातळ करत नेऊन चालत नाही.

हा खटाटोप टाळला की दोन्ही बाजूंनी फसगत होते. तेलाचे थेंब राहिले तर पेशी त्यांना चिकटून बसतात, तवंग उजेड आणि हवा अडवतो, आणि वाढ खुंटते ती विषाने नव्हे. उलट, पेशी मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र त्याच आकाराचे थेंबही पेशी म्हणून मोजतं, आणि मरगळलेलं शैवाल जोमात असल्याचं दिसतं. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहून मोजण्याला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट मला यात सर्वांत मोलाची वाटते. एस्टर पाण्यात एस्टर म्हणून टिकून राहतोच असं नाही. जिवाणूंची विकरं त्याचे तुकडे करतात आणि मेदाम्ल मोकळं होतं. मोकळं मेदाम्ल शैवालाला एस्टरपेक्षा जास्त बाधू शकतं. ते पेशीचं पटल सैल करतं आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपू लागतं. नऊ कार्बनचं नोनॅनॉइक आम्ल तर तणनाशक म्हणून विकलं जातं. तेच आम्ल मिरिओफायलम ही पाणवनस्पती स्वतः पाण्यात सोडते आणि शेजारच्या नील-हरित शैवालाला आवरते, असं जपानी संशोधकांनी २००५ साली दाखवलं. त्यामुळे सुरुवातीला किती एस्टर घातला, एवढंच लिहिणारा अहवाल मला अपुरा वाटतो. ७२ तासांच्या शेवटी पाण्यात एस्टर किती उरला आणि मेदाम्ल किती झालं, हेही मोजलेलं हवं.

मग ‘१०० मिलिग्रॅमपर्यंत कोणताही परिणाम नाही’ या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा? एवढाच, की १०० मिलिग्रॅम घातल्यावर जेवढा पदार्थ पाण्यात उतरला, तेवढ्याने नॉर्वेच्या त्या शैवालाची वाढ तीन दिवसांत अडली नाही. लांब साखळीच्या एस्टरांसाठी हे उत्तर बहुधा खरंच दिलासा देणारं असतं, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. पण पदार्थात मोकळं मेदाम्ल मिसळलेलं असेल तर पाण्याची जातही पाहावी लागते. चाचणीचं द्रावण हलकं, कॅल्शियम कमी असलेलं. आपल्याकडे काळ्या पाषाणातल्या कितीतरी विहिरींचं पाणी जड, साबणाला फेस न येणारं. अशा पाण्यात मेदाम्लाचा कॅल्शियमशी साका होऊन ते खाली बसतं आणि त्याची धार बोथट होते. कोकणातल्या पावसाळी ओढ्याच्या हलक्या पाण्यात ही सवलत मिळेलच असं नाही. आपल्या पाण्यातली क्लोरेला, सेनेडेस्मस आणि करंडक शैवालं घेऊन, आपल्या तापमानाला याच चाचण्या समांतर व्हायला हव्यात.

आणि नुसत्या शुद्ध एस्टरवर थांबून भागणार नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य ठेवलं. हॉटेलांतलं आणि फरसाणाच्या भट्ट्यांवरचं तळून उरलेलं तेल यासाठी गोळा होतं. अशा तेलात मोकळी मेदाम्लं जास्त असतात, आणि बायोडिझेल बनवताना अल्कली घातली की त्यांचा साबण होतो. बायोडिझेल पाण्याने धुतलं की त्या पाण्यात साबण, मिथेनॉल, ग्लिसरीन आणि उरलेली अल्कली उतरते. नाल्याला जाऊ शकतं ते हे पाणी. एस्टर त्यात नावापुरता. म्हणून अशा कारखान्याच्या परवान्यासाठी जोडलेल्या कागदांत फक्त बायोडिझेलचा चाचणी अहवाल असेल, तर ग्रामपंचायतीने धुण्याच्या पाण्यावरची शैवाल-चाचणी वेगळी मागावी. नमुना सांडपाण्यावरच्या प्रक्रियेनंतर पाणी जिथून बाहेर पडतं तिथे, उत्पादन चालू असताना घ्यायला लावावा, आणि अहवालात पेशींचे रोजचे आकडे जोडलेले आहेत ना, ते पाहावं.