आरोप, निकाल आणि आपलं पासबुक

कपिलधारहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतोय.

परवा बैठकीत छगन भुजबळांचा विषय निघाला. भायखळ्याच्या मंडईत भाजी विकणारा माणूस. १९७३ला शिवसेनेचा नगरसेवक, १९८५ला मुंबईचा महापौर, १९९९ला राष्ट्रवादीकडून उपमुख्यमंत्री. मग बांधकाम खातं, दिल्लीतलं महाराष्ट्र सदन आणि त्याच्या कंत्राटात घोटाळ्याचा आरोप. १४ मार्च २०१६ला ईडीनं अटक केली, ४ मे २०१८ला हायकोर्टानं जामीन दिला. दोन वर्षांवर तुरुंग, तोही निकालाआधी. २०१९ला येवल्यातून पुन्हा निवडून आले, मंत्री झाले. खातं कोणतं? अन्न व नागरी पुरवठा, म्हणजे आपल्या रेशनचं! सप्टेंबर २०२१ला विशेष न्यायालयानं सदनाच्या खटल्यात त्यांना दोषमुक्त केलं.

एक जण म्हणाली, "आत गेला म्हणजे खाल्लंच असणार." दुसरी म्हणाली, "मोठी माणसं सुटतातच." पण जळगावच्या घरकुल प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१९ला धुळ्याच्या कोर्टानं माजी मंत्री सुरेश जैनांना सात वर्षांची शिक्षा आणि शंभर कोटींचा दंड ठोठावलाच की. म्हणजे दोन्ही बोलणी अंदाजाचीच.

आम्हाला हे का टोचलं, सांगतो. मागं गटाच्या हिशेबात चार हजार कमी दिसले. आम्ही खजिनदारीण बाईंकडं बोट दाखवलं. तिच्या दारात हळदीकुंकवालाही कुणी गेलं नाही. दोन महिन्यांनी बँकेत पासबुक भरून आणलं, तर एका हप्त्याची नोंदच राहिली होती. आम्ही माफी मागितली. ती गटात परत आली, पण किल्ली काही तिनं घेतली नाही.

तेव्हापासून दर महिन्याला पासबुक सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो. वाचल्यावर संशयही राहत नाही आणि चोरीही लपत नाही.

मैत्रिणींनो, हेच गावातही करू. रेशन घेतलं की पावती मागा. ग्रामसभेत खर्चाचा हिशेब विचारा. उत्तर नाही मिळालं तर दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत. कोर्टाचा निकाल यायला वर्षं जातात. कागद मागायला आजचा दिवस पुरतो.

येतो आम्ही. नमस्कार.